कमान नको, काठ हवा

पुण्यात कल्याणीनगरच्या मागच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठावर, हिवाळ्यात सकाळी साडेसहाला उभं राहिलं की दोन आवाज बरोबरीने कानावर येतात. एक हळदी-कुंकू बदकांचा, धुक्यातून येणारा, घोगरा. दुसरा राडारोड्याचा ट्रक मागे घेताना वाजणारा. बदकं तीस-चाळीस असतात, ट्रक एखादाच असतो. पण तो रिकामा होऊन गेला की काठाचा तेवढा तुकडा कायमचा बदलतो. काल जिथे ओल होती तिथे आज फुटक्या फरश्या, प्लास्टरची ढेकळं, मोडक्या चौकटी.

याच जागेला आपण डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतो. मी पेशाने वास्तुरचनाकार आहे आणि गेली वीसेक वर्षं तिथे पक्षी बघायला जातो. या दोन्ही नात्यांनी मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. ही जागा वाचवायची असेल तर तिथे बांधावं लागेल. थोडं बांधावं लागेल, आणि माणसाच्या आधी पक्ष्याची सोय बघून बांधावं लागेल, पण बांधावं लागेल. ‘हात लावू नका’ एवढ्यावर ती टिकणार नाही.

पुण्यात हे बोलणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. सार्वजनिक बागेत बांधकाम म्हटलं की आपल्याला काय आठवतं ते सगळ्यांना माहीत आहे. रंगवलेली कमान, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, सिमेंटचा हरीण, संगीत कारंजं आणि उद्घाटनाची कोनशिला. दोन वर्षांनी कारंजं बंद, हरणाचं शिंग मोडलेलं. अशा अनुभवातून आलेला अविश्वास खोटा नाही. माझे पक्षीनिरीक्षक मित्र महापालिकेचा मोजपट्टीवाला माणूस काठावर दिसला तरी धास्तावतात आणि मी त्यांना दोष देत नाही. फक्त त्यांच्या पुढच्या वाक्याशी माझं जमत नाही. ते म्हणतात, ‘आहे तसं सोडून द्या, निसर्ग आपलं बघून घेईल.’

आहे तसं सोडलं तर काय होतं, हे त्या काठावर वीस वर्षं बघायला मिळालं. नावात अभयारण्य असलं तरी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अधिसूचित झालेलं हे अभयारण्य नाही, त्यामुळे त्या कायद्याचं कवच त्याला नाही. राडारोडा पडतो, जमीन दीड-दोन हाताने उंच होते, ओल खाली राहते. वरच्या कोरड्या भरावावर सुबाभूळ आणि गाजरगवत येतं. भराव दाबला गेला की त्यावरून पुढचा ट्रक आणखी आत जाऊ शकतो, म्हणजे आजचा ढीग हा उद्याच्या ढिगाचा रस्ता असतो. नाल्यातून मैलापाणी येतं, त्यावर जलपर्णी पोसली जाते. जलपर्णीने पाणी झाकलं की टिबुकली आणि पाणकावळा यांना बुडी मारायला जागा राहत नाही, खंड्याला मासा दिसत नाही. जांभळ्या पाणकोंबडीला जलपर्णी चालते, म्हणून लांबून बघणाऱ्याला सगळं हिरवंगार आणि भरलेलं वाटतं. मग ती जलपर्णी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. यात निसर्गाचा आपला असा निर्णय कुठेच नाही. वस्तीचं सांडपाणी, बांधकामांचा कचरा आणि कुणी बंद न केलेली एक वाट, एवढ्यांनी मिळून ही जागा घडवली आहे. शहराने ती रोज बांधलीच आहे, फक्त आराखडा न काढता.

माणसाने बांधलेल्या ठिकाणी पक्षी येत नाहीत, ही समजूत तर आपल्याच सहलींनी खोटी ठरवली आहे. पुण्याचे पक्षीनिरीक्षक हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला पहाटे गाड्या काढून भिगवणला जातात. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेलं नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातून तयार झालं. आणि ज्याचं नाव घेतलं की देशभरचे पक्षीप्रेमी हळवे होतात ते भरतपूरचं केवलादेव अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात घातलेल्या अजान बंधाऱ्यामुळे पाणथळ झालं. आजही तिथे किती पाणी सोडायचं, कुठल्या कप्प्यात सोडायचं, हे दारं उघडून-मिटून ठरतं. ते 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1985 मध्ये जागतिक वारसा झालं. मातीचे बांध, चर, झडपा. पक्ष्यांना बांधकामाचं वावडं नाही. बांधलेल्या जागेत आपल्याला उथळ पाणी, चिखल आणि निवांतपणा मिळतो की नाही, एवढंच ते बघतात.

उजनी आणि केवलादेव पक्ष्यांसाठी म्हणून बांधलेले नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. मग मुद्दाम बांधलेल्या जागा बघू. लंडनच्या पश्चिमेला बार्न एल्म्स इथे पाणीपुरवठ्याचे चार जुने, निकामी झालेले काँक्रीटचे हौद होते. ते फोडून तिथे तळी, बोरूची बेटं आणि चिखलाचे उतार घडवले आणि 2000 मध्ये ती पाणथळ लोकांना खुली झाली. आपल्याकडे दिल्लीत वजिराबादजवळ यमुनेच्या पूरमैदानातल्या खारवलेल्या, उजाड जमिनीवर 2002 पासून दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ यांनी मिळून यमुना जैवविविधता उद्यान उभं केलं. तिथे कमी-जास्त खोलीची तळी आधी खणली, झाडं नंतर लावली. दोन्ही ठिकाणी सर्वांत मोठं बांधकाम जमिनीच्या उंच-सखलपणाचं आहे आणि ते छायाचित्रात दिसत नाही. माझ्या व्यवसायाला हे पचायला जड जातं, कारण आम्हाला छायाचित्रात येणारं बांधायची सवय आहे.

प्राण्याला बाजूला ठेवून त्याच्यासाठी बांधलं की काय होतं, याचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण लंडनच्याच प्राणिसंग्रहालयात आहे. 1934 मध्ये बर्थोल्ड लुबेत्किन आणि त्यांच्या टेक्टन या गटाने तिथे पेंग्विनसाठी एक तलाव बांधला. लंबगोल पांढरी भिंत आणि मधोमध एकमेकींभोवती वळत जाणाऱ्या, खांबाशिवाय तरंगल्यासारख्या दोन काँक्रीटच्या उतरणी. त्यांचं गणित ओव्ह अरूप या अभियंत्याने मांडलं होतं. आम्हाला महाविद्यालयात ही वास्तू शिकवली गेली आणि मी तिची कितीतरी रेखाटनं केली. ती सुंदर आहे, हे मी आजही म्हणेन. पण पेंग्विनांच्या पायांना ते काँक्रीट सोसलं नाही, आणि 2004 मध्ये त्यांना तिथून हलवलं. वास्तू सर्वोच्च दर्जाचा वारसा म्हणून जपली गेली आहे आणि तिच्यात पेंग्विन नाहीत. महाविद्यालयात आम्हाला त्या उतरणींची जाडी सांगितली होती, पेंग्विनच्या तळव्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

हे धडे घ्यायला लंडनला जायचीही गरज नाही. माझ्या पिढीच्या पुणेकरांनी प्राणी पहिल्यांदा पाहिले ते पेशवे पार्कात. 1953 मध्ये सुरू झालेलं ते प्राणिसंग्रहालय, 1956 पासून धावणारी फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी, आणि लोखंडी गजांमागचा वाघ. फुलराणीची शिट्टी आठवते तितक्याच स्पष्टपणे मला त्या वाघाच्या येरझाऱ्या आठवतात. तीन-चार पावलं, वळण, पुन्हा तेवढीच पावलं, तेच वळण, फरशीवर त्याच जागी झिजलेला पट्टा. माझ्या आईने विचारलं होतं, ‘याला बरं नाहीये का रे?’ त्याला काही आजार असेल-नसेल, पण एवढ्याशा खोलीत कोंडल्यावर वाघ तसाच वागतो, हे मला खूप नंतर कळलं. पुढे कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं, 2005 मध्ये पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय बंद झालं आणि प्राणी तिकडे गेले. कात्रजला गजांच्या जागी खंदक आले, फरशीच्या जागी माती आणि झाडं आली. कात्रजमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे वाघ झाडाखाली पाठ करून झोपलेला दिसतो, पोरं हाका मारून कंटाळतात आणि तो उठत नाही. न उठण्याची मुभा त्याला त्या आवाराच्या रचनेने दिली. एका शहराच्या पोरांना प्राणी कसा दिसतो, हे भिंत कुठे घातली यावर ठरतं. माझा वास्तुरचनेवरचा विश्वास इथून येतो.

आणि माझी अपराधाची भावना दुसऱ्या ठिकाणाहून येते. काही वर्षांपूर्वी मी रचना केलेल्या एका इमारतीच्या पायथ्याशी जूनच्या पहिल्या आठवड्यात रखवालदाराने मला एक पक्षी दाखवला. नवरंग. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली लाल. पावसाच्या तोंडाशी नवरंग स्थलांतर करत येतात, रात्री उडतात आणि पहाटे दमून शहरात उतरतात. माझ्या काचेत समोरच्या पिंपळाचं प्रतिबिंब पडत होतं आणि तो त्या पिंपळाकडे निघाला होता. काचेच्या बाहेरच्या बाजूला दर पाच सेंटिमीटरवर ठिपके असते तर त्याला ती भिंत आहे हे कळलं असतं. तो खर्च त्या इमारतीच्या एकूण खर्चात कुणाच्या लक्षातही आला नसता. मी तो सुचवला नव्हता, कारण मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे असं मला कुणी शिकवलं नव्हतं. तो पक्षी हातात किती हलका होता हे मी विसरलेलो नाही.

तर मग त्या काठावर काय बांधावं?

सगळ्यांत आधी काठ. नदी सुधारायची म्हटलं की आपल्या अभियंत्यांचा हात उभ्या भिंतीकडे किंवा दगडी पिचिंगकडे, म्हणजे काठावर दगड रचून केलेल्या अस्तराकडे जातो, कारण ते मोजता येतं आणि धुपत नाही. पण पाणपक्ष्यांचं सगळं जगणं पाणी आणि जमीन यांच्यामधल्या त्या तिरप्या पट्ट्यात असतं. तुतवाराला बोटभर पाणी लागतं. शेकाट्याला वीतभर चालतं, म्हणून तर त्याचे पाय तसे. चित्रबलाक गुडघाभर पाण्यात उभा राहून चोच फिरवतो, बदकांना त्याहून थोडं खोल लागतं. काठ दहास एक (दहा फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली) किंवा त्याहून सौम्य उतरता ठेवला तर हे सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या पंगतीत जेवतात, आणि पाणी वर-खाली झालं की पंगतही वर-खाली सरकते. उभी भिंत घातली की खोली एकच राहते आणि पाहुणेही एकाच जातीचे. याला एक अपवाद ठेवायला हवा. जिथे नदीने स्वतः मातीचा उभा कडा कापला आहे तिथे तो तसाच ठेवायचा, कारण खंड्या आणि वेडा राघू त्यातच बीळ करून अंडी घालतात. असा ढासळता कडा दिसला की पिचिंगचा प्रस्ताव येतो. त्या कड्याशेजारी ‘इथे घरटी आहेत’ असा फलक लावून तो वाचवणं हेसुद्धा वास्तुरचनाकाराचं काम आहे.

शहरात सुमारे 44 किलोमीटर नदीकाठासाठी नदीकाठ सुधार योजना हाती घेतली आहे आणि तिची कोनशिला मार्च 2022 मध्ये बसली. त्या योजनेबद्दल माझे इतरही आक्षेप आहेत, ते इथे मांडत नाही. इथे मागणी एवढीच आहे की अभयारण्याच्या लांबीपुरता तिचा ठरावीक छेद, म्हणजे सगळीकडे सारखाच काढलेला काठाचा आकार, बाजूला ठेवावा. सगळ्या नदीला एकच काठ शिवून घालता येत नाही.

काठानंतर पाणी. नाल्याचं तोंड थेट नदीत न सोडता आधी पाणकणसाच्या आणि लव्हाळ्याच्या वाफ्यांमधून फिरवायचं. असे दगड-खडी-वनस्पतींचे वाफे हे काही स्वप्नरंजन नाही; नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फायटोरिड नावाने ही पद्धत विकसित केली आहे आणि ती ठिकठिकाणी चालू आहे. संपूर्ण येरवड्याचं सांडपाणी त्याने शुद्ध होणार नाही, त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रंच हवीत. पण एका नाल्याचा वास आणि गाळ त्याने कमी होईल, आणि त्या वाफ्यांमध्येच पाणकोंबड्या घरं करतील.

मग राडारोडा. पूरमैदानात पडलेला बहुतेक भराव उचलून बाहेर न्यावाच लागेल, कारण तो नदीची जागा अडवून बसला आहे. 1961 च्या पानशेतच्या पुराची आठवण फार लांबची वाटत असेल तर जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी आठवावं. पण त्यातले दगड, विटा आणि काँक्रीटचे तुकडे वेचून, जाळीच्या पेटाऱ्यांत भरून, वरच्या अंगाला पुरुषभर उंचीची आडभिंत करता येईल. पक्ष्यांपासून माणसांची हालचाल लपवायला तीच लागते. दोन हिवाळ्यांत तिच्या फटींमध्ये सरडे आणि चिरक येतील. पुण्याचा काळा पाषाण वापरायचा तर गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या काळ्या भिंती बघाव्यात, मग याच मातीतला दगड किती शांत दिसू शकतो ते कळतं. इथे मात्र मी नवा दगड फोडून आणणार नाही. जो कचरा या जागेवर टाकला, त्यानेच तिची पाठराखण करावी.

आता लपण, म्हणजे पक्षी बघायची आडोशाची खोली. या एका छोट्या वास्तूवर मी मनातल्या मनात कितीतरी सकाळी घालवल्या आहेत. अभयारण्य नदीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे पाणी दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच कललेला असतो. म्हणून काठाला समांतर खिडकी ठेवली की सगळे पक्षी काळ्या आकृत्या होऊन दिसतात, आणि आजवर तिथे येणारे लोक नेमके हेच बघून ‘काही खास नाही’ म्हणत परत जातात. लपणाची तोंडं पूर्व-पश्चिम हवीत. सकाळी पश्चिमेच्या फटीतून बघायचं, संध्याकाळी पूर्वेच्या, म्हणजे ऊन बघणाऱ्याच्या पाठीशी आणि पक्ष्याच्या अंगावर. मागची भिंत पूर्ण बंद, नाहीतर आत वावरणारी माणसं उजेडावर उमटतात आणि बदकं उठतात. आत जाणारी वाट आडभिंतीच्या मागून, वळण घेत. बांधणी पोलादी पायांवर बांबूची, कारण ही जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वरचेवर पुराचं पाणी येणाऱ्या पट्ट्याच्या, आत येते आणि तिथे पक्कं काही उभं करायला कायद्याने बंदी आहे आणि शहाणपणानेही. पूर येईल, खालून जाईल, एखाद्या वर्षी चार बांबू नेईल. ते पुन्हा बांधायचे.

आणि बघायची फट दोन उंचीवर हवी. एक मोठ्यांसाठी, एक जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, लहान मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी. हा मला तपशिलाचा मुद्दा वाटत नाही. या अभयारण्याच्या एका अंगाला कल्याणीनगरचे टॉवर आहेत आणि जरा पलीकडे येरवड्याच्या वस्त्या. आजची वाट कल्याणीनगरच्या बाजूने शोधावी लागते, आणि गळ्यात दुर्बीण असलेल्या माणसाला तिथे कुणी हटकत नाही. वस्तीतली चार पोरं तिथे दिसली तर मात्र ‘काय करताय रे इथे?’ असं विचारलं जातं. मी ते ऐकलं आहे. दुसरं प्रवेशद्वार वस्तीच्या बाजूला हवं आणि तिथल्या महापालिका शाळांना आठवड्याचे दोन दिवस राखून हवेत. हे अभयारण्य पुढची तीस वर्षं राखणारी माणसं त्या पोरांमधूनच यायची आहेत, कारण टॉवरमधली पोरं बहुधा परदेशी गेलेली असतील.

दिव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. आत एकही नको. घारी आणि रातबगळे तिथल्या झाडांवर वस्तीला येतात. शेजारून आता मेट्रो धावते, रस्त्यांचा उजेड आहेच. निदान एवढा पट्टा तरी अंधाराचा राहू द्यावा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग अडचण कुठे आहे? अडचण आमच्या पैशाच्या व्यवहारात आहे, आणि ती बाहेर फारशी बोलली जात नाही. वास्तुरचनाकाराचं शुल्क बहुतेक वेळा बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीत ठरतं. मी पाच कोटींचं स्वागतकेंद्र सुचवलं तर मला जे मिळेल, त्याचा लहानसा तुकडा मला काठाचा उतार नीट करून मिळेल, आणि ‘इथे काही करू नका’ असं सांगितलं तर काहीच मिळणार नाही. जो कमी बांधायला सांगतो त्याचं नुकसान होतं, आणि जो दुप्पट बांधतो त्याचं कौतुकही होतं आणि पैसेही मिळतात. सरकारी बाजूलाही तसंच आहे. पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, सरकारी दरसूचीवरून बनतं. दरसूचीत पेव्हर ब्लॉकला दर आहे, कर्बला आहे, ग्रॅनाइटला आहे. ‘कडा ढासळू द्या’ याला दर नाही. ‘जलपर्णी दर महिन्याला हाताने काढा’ याची तरतूद झाली तरी ती वर्षापुरती असते आणि पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाही. बांधायला पैसे एकदम येतात, राखायला येत नाहीत. म्हणून आपल्या बागा उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत चांगल्या दिसतात. पाणथळ जागेचं उलट असतं, ती पाचव्या-सहाव्या वर्षी कुठे आकाराला येते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की अभयारण्याच्या कामाची निविदा काढताना आराखडा, बांधणी आणि निदान दहा वर्षांची देखभाल हे एकच काम धरावं. रचनाकाराचं शुल्क ठरावीक रकमेचं असावं, खर्चाच्या टक्क्यांत नसावं, आणि त्यातला मोठा भाग दरवर्षीच्या पक्षीगणनेनंतर द्यावा. पुण्यात ही गणना मनापासून करणारे लोक आहेत, त्यांना शोधायला लागणार नाही. रचनाकाराच्या जोडीला पाणथळ जाणणारा शास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून बसलेला हवा. आराखडा झाल्यावर ‘ना हरकत’ द्यायला बोलावलेला नको. मला स्वतःला असं काम मिळालं तर कमी पैशात जास्त वर्षं अडकावं लागेल, हे मी धरून चाललो आहे.

माझ्या मित्रांची शेवटची हरकत सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, एकदा लपण बांधलंस की लोक येणार. लोक आले की वडापावची गाडी येणार, गाडी आली की दिवा येणार, दिव्याच्या मागून वाढदिवसाचे केक येणार, आणि तू ज्यांच्यासाठी केलंस ते पक्षी भिगवणला निघून जाणार. हे होऊ शकतं. पाषाणच्या तलावावर सुशोभीकरणाच्या नावाखाली झालेल्या कामांनी पक्षीप्रेमी किती हळहळले, हे मीही पाहिलं आहे. माझ्याकडे याला हमी नाही, पण दोन उत्तरं आहेत. पहिलं, आजही तिथे लोक येतातच. फक्त ते संध्याकाळनंतर येतात, बाटल्या घेऊन, आणि त्यांना थांबवणारं कुणी नसतं. सकाळी शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं ज्या जागेत येतात तिथे राडारोड्याचा ट्रक यायला कचरतो, कारण त्याला ओळखणारे डोळे तयार होतात. दुसरं, किती लोक कुठवर जातील हे वाट ठरवते. वाट हे आमच्या हातातलं सर्वांत ताकदीचं हत्यार आहे. दोन माणसं शेजारी चालू शकतील एवढीच रुंद, मुरमाची, आडभिंतीमागून लपणापर्यंत जाणारी आणि तिथेच संपणारी वाट केली तर नव्वद टक्के माणसं तिच्या पुढे जात नाहीत. तिच्यापलीकडचा सगळा काठ माणसांसाठी नाही, आणि तो तसा नाही हे भिंतीने किंवा शिक्षेने सांगावं लागत नाही. तिथे फक्त चिखल असतो. पार्किंग नको, मेट्रोचं कल्याणीनगर स्थानक जवळ आहे. मार्च 2024 पासून गाडी रामवाडीपर्यंत जाते.

आराखडे व्हायला वर्ष जाईल, निविदेला दुसरं, न्यायालयात कुणी गेलं तर तिसरं. तोवर रोज सकाळी तो ट्रक येत राहील. म्हणून एक काम आराखड्याची वाट न बघता या पावसाळ्याआधी करता येण्यासारखं आहे आणि त्याला वास्तुरचनाकार लागतच नाही. ट्रक ज्या वाटेने आत येतात तिथे आडवा चर खणायचा, माणूस फळीवरून ओलांडील आणि मुंगूस खालून जाईल, पण चाक जाणार नाही इतका रुंद आणि खोल. एका जेसीबीचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. निघालेली माती आतल्या अंगाला बांधासारखी टाकायची, आणि पहिला पाऊस पडला की तिच्यावर करंज, उंबर आणि वाळुंज लावायचे.